विसाव्याची पाळी

भाषांतर करताना कठीण शब्दांपेक्षा सोपे शब्द जास्त वेळ खातात. कठीण शब्दासाठी कोश असतो. सोप्या शब्दासाठी आपल्याला आधी ठरवावं लागतं, की आपण नक्की काय म्हणतो आहोत. इंग्रजीतलं 'रिलॅक्सिंग' हे विशेषण असंच आहे. एखाद्या प्रवासवर्णनात 'रिलॅक्सिंग डे' असं सहज येऊन जातं आणि मी अडून बसते. 'आरामाचा दिवस' म्हटलं तर डॉक्टरांनी सांगितल्यासारखं वाटतं. 'निवांत दिवस' जवळ जातं, पण निवांतपणा जागेचाही असतो, दुपारचाही असतो, माणसाचा असेलच असं नाही. 'विरंगुळा' म्हटलं की काहीतरी करमणूक हवी. 'विसावा' हा शब्द मला सर्वांत आवडतो. पण तो चालणाऱ्याचा शब्द आहे. वारीच्या वाटेवर पालखीचा विसावा असतो. ओझं वाहणारा भार उतरवून विसावतो. जो चाललाच नाही, त्याने विसावा घेतला असं मराठीत म्हणवत नाही.

'विश्रांती' घ्या. तिच्या पोटात श्रम बसलेला आहे; संस्कृतातला थकण्याचा, कष्टण्याचा धातूच तिथे आहे. विसावा हा त्याच कुळातला, वापराने झिजून घरगुती झालेला शब्द. 'सुटी' ही सुटण्यातून आली. मी ज्या कन्नडमधून भाषांतर करते, तिथेही फुरसतीला 'बिडुवु' म्हणतात आणि त्याच्या मुळाशी सोडणं आहे. इंग्रजीतल्या 'लेझर'चा माग काढत लॅटिनपर्यंत गेलं, तर तिथे परवानगी असण्याचा अर्थ सापडतो. म्हणजे हे शब्द आपल्याला तीन प्रश्न विचारतात. तू कष्टलास का? कशातून सुटलास? कुणाच्या परवानगीने? चौथा प्रश्न मात्र यांतला एकही शब्द विचारत नाही. तू विसावलेला असताना जागं कोण आहे?

हा प्रश्न पुस्तकात भेटला तर त्याला बगल देता येते. छोट्या बोटीवर देता येत नाही.

मागच्या जानेवारीत आम्ही सहा जणांनी केरळात आलप्पुळाजवळ एक दिवस आणि एक रात्र हाउसबोटीवर काढली. आई साताऱ्याहून आली होती, भाऊ-वहिनी पुण्याहून, आणि मी, नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी बेंगळुरूहून. बोट तीन खोल्यांची होती. बोटीवर आणखी तिघे होते: बोट चालवणारे, त्यांचा मदतनीस आणि स्वयंपाकी. दुपारी बोट निघाली, वेंबनाड तलावाच्या बाजूने फिरली, संध्याकाळी एका काठाला बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला परत सोडलं. कुणी पडलं नाही, काही चुकलं नाही, जेवण उत्तम होतं. सगळ्यांच्या मते दिवस छान गेला, माझ्याही मते. म्हणूनच त्याबद्दल विचार करता येतो. बिघडलेल्या दिवसाबद्दल माणूस तक्रार करतो, विचार करत नाही.

या बोटींना मल्याळममध्ये 'केट्टुवळ्ळम' म्हणतात. वळ्ळम म्हणजे होडी आणि केट्टु म्हणजे बांधणं. लाकडी फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने शिवून या होड्या बांधत. पूर्वी त्यांतून भात आणि मसाल्याचे पदार्थ बंदरांकडे जायचे. रस्ते झाले, ट्रक आले आणि हे काम संपलं. मग 1990च्या दशकात त्यांच्यावर बांबू आणि चटयांची छपरं चढली, खोल्या झाल्या, स्नानघरं झाली आणि जिथे भाताची पोती रचत तिथे पाहुणे पहुडू लागले. ओझं वाहणाऱ्या होडीला तिच्या उतारवयात इतरांची विश्रांती वाहण्याचं काम मिळालं.

मोठ्या पर्यटक जहाजावर हजारो प्रवासी असतात आणि कामगारांचं जग वेगळ्या मजल्यांवर, वेगळ्या जिन्यांच्या पलीकडे असतं. पाहुण्याला घडी घातलेला टॉवेल दिसतो, घडी घालणारा दिसत नाही. छोट्या बोटीवर ही सोय नाही. बैठकीच्या मागे खोल्या, खोल्यांच्या मागे स्वयंपाकघर. तिथे कांदा चिरला की इथे वास येतो. चालकाची पाठ तर सतत डोळ्यांसमोर. आपण पाय पसरून जे पाणी पाहतो, तेच पाणी तो पाहत असतो. फक्त त्याला त्यात उथळ जागा, समोरून येणारी बोट आणि पाणवनस्पतींचे जाळे दिसत असतात.

आणि ते दृश्य तरी किती निवांत असतं? कुट्टनाडमध्ये कित्येक ठिकाणी शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बोटीतून पाहताना हे एकदम लक्षात येतं, कारण शेत आपल्यापेक्षा खाली दिसतं. पाणी वर, बांध मध्ये, भात खाली. हे बांध चिखल उपसून माणसांनी घातले. शेतात झिरपणारं पाणी पंपाने बाहेर काढत राहावं लागतं; ते थांबलं तर ते हिरवंगार दृश्य बुडेल. या शेतांतल्या मजुरांवर तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी 1948मध्ये कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिलं 'रंटिडंगळी', म्हणजे दोन मापं भात. मजुरीच्या मापाचं नाव कादंबरीला. ज्याला आपण शांत निसर्ग म्हणून छायाचित्रात घेतो, ते पिढ्यान्‌पिढ्या कंबर मोडून उभं केलेलं आणि रोज उभं ठेवावं लागणारं काम आहे.

इथे मनाला दोन सोपी उत्तरं सुचतात. पहिलं उत्तर असं, की आपण पैसे दिले आहेत. व्यवहार पूर्ण झाला; त्याच्या श्रमाचं मोल त्याला मिळालं, आपल्या विश्रांतीचं आपण भरलं. या उत्तरात तथ्य आहे. पाहुणे आले नाहीत तर या तिघांची चूल थंड पडेल. पण पैशाने श्रमाचा भाव ठरतो, श्रमाची मर्यादा ठरत नाही. किती वाजेपर्यंत, आठवड्यातले किती दिवस, मध्ये झोप किती, हे प्रश्न किमतीच्या आकड्यात दिसत नाहीत.

दुसरं उत्तर अपराधी वाटून घेण्याचं. सुशिक्षित मध्यमवर्गाला ते फार जवळचं आहे. आपण बसलो आहोत आणि ते राबत आहेत, हे वाईट आहे. मग आपण जरा अवघडून बसतो, वारंवार 'थँक यू' म्हणतो, निघताना जास्त बक्षिशी देतो. याने समोरच्या माणसाला काय मिळतं? आमच्या स्वयंपाक्याने करीमीन मासा केळीच्या पानात भाजून आणला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कारागिराचा अभिमान होता. त्याला आमची कीव नको होती. मासा गरम असताना खाल्ला जावा एवढंच त्याला हवं होतं. आपल्या अपराधी चेहऱ्याने त्याचं कसब सेवेकऱ्याच्या कष्टात जमा होतं. शिवाय अपराधी भाव स्वतःभोवतीच फिरतो. त्यातून त्याची झोप एका मिनिटाने वाढत नाही.

ॲरिस्टॉटलला हा प्रश्न दिसला होता. फुरसत हे त्याच्या मते जगण्याचं उद्दिष्ट होतं. काम करायचं ते फुरसत मिळावी म्हणून. शाळेसाठीचा युरोपीय शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला तो मुळात फुरसतीचाच शब्द आहे. पण त्या फुरसतीसाठी कुणीतरी दळायला, विणायला हवं, हेही त्याने झाकलं नाही. धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना दासांची गरज उरणार नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आणि मग काही माणसं निसर्गतःच दास असतात, असं म्हणून स्वतःची सुटका करून घेतली. आज तसं कुणी उघड म्हणत नाही. आपण म्हणतो, 'त्यांना सवय असते.' वाक्य सौम्य आहे, काम तेच करतं.

बोटीवर 'सवय' हा शब्द मला दुसऱ्याच कुणामुळे ऐकू आला. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात आई बैठकीतून उठून मागे गेली. मी गेले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. भांडी दिसली की तिचे हात थांबत नाहीत. स्वयंपाक्याने एक प्लॅस्टिकची खुर्ची दाराशी ठेवली आणि म्हणाला, "अम्मा, बैठो." त्याच्या आवाजात आदर होता आणि ठामपणाही. ते त्याचं स्वयंपाकघर होतं. हातभार लावू पाहणारी पाहुणी त्याच्या अरुंद जागेत अडथळाच होती. आई बसली, पण पदराशी चाळा करत. भाषा एक नसताना त्या दोघांचं नारळाच्या दुधाबद्दल बरंच बोलणं झालं. वहिनी हसून म्हणाली, "आईंना बसायची सवय नाही." खरं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला बसायची सवय नाही, हे आम्ही सगळे तिच्या स्वभावाचं वर्णन म्हणून सांगतो.

रात्री साडेदहाला भावाला चहाची लहर आली. कर्मचारी मागच्या बाजूला निजायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "राहू दे रे, दिवसभर उभा होता तो." भाऊ म्हणाला, "आई, आपण पैसे दिलेत, आणि त्याने नाही म्हटलं तर नको." वहिनी शांतपणे म्हणाली, "घरी असतो तर आई, तुम्ही उठला असतात." आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "घरची गोष्ट वेगळी." चहाचा विषय तिथेच संपला.

घरची गोष्ट वेगळी कशी, हे मी तेव्हापासून समजून घेते आहे. परक्या माणसाची झोप आईला दिसली. तिच्यासाठी ती आपल्या मुलाला अडवायला उभी राहिली. स्वतःच्या झोपेसाठी ती कधीच उभी राहिली नाही, आणि आम्हीही राहिलो नाही. पगारी माणसाच्या कामाला निदान कल्पनेत तरी शेवट असतो; त्याचे तास मोजता येतात आणि म्हणून त्याच्या वतीने 'पुरे' म्हणता येतं. प्रेमाने केलेल्या कामाचे तास कोण मोजणार?

विश्रांतीच्या इतिहासात ही फट फार जुनी आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथात सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा आहे. तिचं वेगळेपण असं, की ती मालकापुरती नाही. त्या दिवशी कुणी काम करायचं नाही त्याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. विश्रांती ही एकट्याने घ्यायची चीज नाही, घरातल्या शेवटच्या बैलापर्यंत ती पोचली पाहिजे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा मजकूर विरळा. त्या यादीत पत्नी मात्र नाही. ती 'तू'मध्ये धरलेली असावी, असा अर्थ लावता येतो. शब्बाथचा स्वयंपाक आदल्या दिवशी कोण उरकतं, हे पाहिलं तर दुसराही अर्थ लावता येतो.

आपला पोळा त्याच विचाराचा सण आहे. वर्षभर ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी, हळद आणि तुपाने खांदे चोळायचे, दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालून, सजवून पुरणपोळी भरवायची. वर्षात एकच दिवस, म्हणून त्याला कुणी तोकडं म्हणेल. पण तो दिवस मालकाच्या मर्जीवर नाही, अमावास्येवर आहे. मालक चांगला असो की कंजूष, तिथी यायची ती येतेच. आणि पुरण वाटणारे हात कोणते, हा प्रश्न इथेही उरतो.

तिथीसारखीच ठरलेली सुटी माणसांना मिळवून देण्यासाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं खर्ची घातली. 1884मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुटी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवार हा निसर्गनियम असल्यासारखा वापरतो. गिरण्यांनी मराठीला आणखी एक गोष्ट दिली. 'पाळी' हा आपला जुनाच शब्द, क्रम किंवा खेप या अर्थाचा. गिरणीत तो कामाच्या शिफ्टसाठी रुळला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. कामाला पाळी असते हे आपल्याला पाठ आहे. विसाव्यालाही ती असू शकते, हे आपण क्वचित म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या विश्रांतीसाठी कुणीही काम करत नाही, अशी विश्रांती जगात नाही. मी झोपते तेव्हा वीजकेंद्रात कुणीतरी जागं असतं. म्हणून 'कुणी राबतं आहे का' हा कसोटीचा प्रश्न होऊ शकत नाही. 'त्याची पाळी येते का' हा होऊ शकतो. आज जो जागा आहे त्याचा विसावा ठरलेला आहे का, तो त्याला आधी माहीत आहे का, आणि तो पाहुण्याच्या दयाळूपणावर अवलंबून नाही ना? त्या रात्री आई बोटीवर होती म्हणून चहा टळला. दुसऱ्या रात्री दुसऱ्या पाहुण्यांत अशी आई नसेल. कुणाची झोप अशा योगायोगावर सोडणं बरं नव्हे.

समुद्रावरच्या कामगारांसाठी हे लिहून ठेवलेलं आहे. 2006च्या सागरी श्रम कराराने खलाशांच्या विश्रांतीचे तास मोजले: चोवीस तासांत किमान दहा, सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर. त्या दहा तासांचे दोनापेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. ही भाषा रुक्ष आहे, पण विश्रांतीवरच्या पुष्कळ ललित लेखनापेक्षा मला ती दयाळू वाटते. मात्र केवळ अंतर्गत पाण्यात फिरणाऱ्या नौका त्या करारात येत नाहीत.

तरी वेंबनाडच्या पाण्यावर पाळीचा एक नियम आम्ही अनुभवला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सगळ्या हाउसबोटी काठाला लागतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. ऐन सूर्यास्ताच्या वेळी बोट बांधली गेली तेव्हा आमच्यासकट बरेच पाहुणे हळहळले. नंतर लहान होड्या अंधारात सरकत गेल्या आणि लक्षात आलं, की दिवसा हा तलाव पाहुण्यांचा आहे, रात्री तो कोळ्यांचा आहे. थोडं उत्तरेला तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे. त्याची दारं कोरड्या ऋतूत बंद ठेवतात, म्हणजे खारं पाणी भातात शिरू नये, आणि पावसाळ्यात उघडतात. बंद दारांमुळे माशांची ये-जा अडते, म्हणून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात त्यावरून वाद होत आले आहेत. पाळी म्हणजे सुखाने झालेली वाटणी नव्हे. भांडण असतं. पण भांडायला काहीतरी ठरलेलं असतं.

सकाळी मुलीने चालकांना विचारलं, "अंकल, आपको छुट्टी कब मिलती है?" ते हसले आणि आपल्या भाषेत मदतनिसाला काहीतरी म्हणाले. त्यात 'अवधी इल्ला' एवढं मला कळलं. मल्याळममध्ये सुटीला 'अवधी' म्हणतात. मराठी कानाला अवधी म्हणजे मुदत. मला ते 'मुदत नाही' असं ऐकू आलं. मग त्यांनी हिंदीत सांगितलं, की पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, तेव्हा घरीच. पगार? बोट चालली तर पैसे. मुलीला हा हिशेब कळला नाही. "म्हणजे सुटी असते तेव्हा पैसे नाहीत आणि पैसे असतात तेव्हा सुटी नाही?" तिने मला मराठीत विचारलं. तिने 'सुटी' म्हटलं, पण तो शब्द तिथे बसत नव्हता. सुटणाऱ्याला परत येण्याची खात्री असते. पावसाळ्यातल्या त्या दिवसांना मराठीत 'रिकामपण' म्हणतात, आणि रिकामपणाने माणूस थकतो.

असा दिवस घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. खोली वातानुकूलित आहे का, मासे मिळतील का, सूर्यास्त कुठून दिसेल. यात आणखी एक चौकशी बसू शकते: बोटीवरच्या लोकांचं काम रात्री किती वाजता संपतं, आणि त्यांना आठवड्याची भरपगारी सुटी आहे का. बोटमालक चमकेल, कदाचित उत्तरही देणार नाही. पण दहा पाहुण्यांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी त्याच्याकडे उत्तर तयार असेल, आणि तयार उत्तराचा कधी कधी नियम होतो. रविवारची सुटीही कुणी विचारल्याशिवाय मिळालेली नाही.

घरात मात्र विचारायला कुणी पाहुणा येत नाही, आणि लोखंडेही येणार नाहीत. तिथली पाळी आपल्यालाच लावावी लागते. 'आई, तू बस' म्हणणं ही पाळी नव्हे. ती पुन्हा परवानगीच झाली, आणि ज्याला परवानगी लागते त्याला बसता येत नाही. वार ठरवावा लागतो, त्या वारी चहा कुणी करायचा ते नाव ठरवावं लागतं, आणि आईने उठून केला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच वार, तेच नाव. बैल पहिल्या पोळ्याला तरी जू नसल्यावर काय करत असेल? उभाच राहत असेल. तिथी मात्र दर वर्षी येत राहते.